हॉर्न न वाजवता

राजेश्री बाई,

परवा तुजी शर्यत बघायला मी परभणीच्या स्टेडियमवर येणार हाय. "आबा, तुमी येऊ नका," म्हणलीस ते ध्यानात हाय.

चूक माजीच होती. आपल्या झरी गावात कॅनॉलच्या रस्त्यानं रोज सकाळी तू पुढं पळायचीस अन् मी मागून मोटारसायकलवर. तू ढिली पडलीस की मी हॉर्न वाजवायचो. गेल्या साली शर्यतीतबी कुंपणाबाहेरून वाजवला. तू सवयीनं मागं बघितलंस, अन् सेलूची पोरगी पुढं निघून गेली.

म्हणून या बारीला मोटारसायकल घरी ठेवून एसटीनं येतो. तुजी माय म्हणली, "हॉर्न ठेवताव घरी, पर तोंडाचं काय?" म्हणलं, रुमाल कोंबीन.

जागाबी ठरवली हाय. तुज्या मागं न्हाई, शर्यत संपते त्या रेघेच्या पुढं, वरच्या पायरीवर बसतो. हे पत्र धाडत न्हाई, नसता पळता पळता मला हुडकशील. कुणाकडंच बघू नको, बाई. रेघ ओलांडून मान वर केलीस की मी समोरच दिसन. तवा खुशाल रागव माज्यावर.

तुजा, तोंड मिटून बसलेला,
आबा