विहिरीचं पाणी प्यालेली गाडी

अण्णा, तुमचा पुतण्या परवा एका साखरपुड्यात चार माणसांत सांगत होता, "काकांनी गाडी मला प्रेमाने दिली." प्रेमाने! माझ्या तोंडात आईस्क्रीम होतं म्हणून मी गप्प राहिले. भरल्या तोंडाने बोलायचं नाही, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण म्हातारपणीही सुटत नाही. पण घरी आल्यापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून हा कागद घेऊन बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्याशी भांडण्यात अर्थ नाही, हे कळतं मला. तुम्ही होतात तेव्हा तरी भांडून काय हाती लागत होतं?

नव्वदच्या दशकातले ते दिवस. निर्मळच्या आपल्या वाडीत केळीच्या कडेला पत्र्याची शेड, आणि शेडखाली कुणाकडून तरी जुनी घेतलेली ती गाडी. आईचे गुडघे पार गेले होते. रिक्षात तिचा पाय दुमडत नसे आणि बसच्या पायरीचं तर नावच नको. रविवारी मी तिला पुढच्या सीटवर बसवून गास गावाला मामाकडे न्यायचे. सकाळपासून तिची तयारी चालायची, गजरा, रुमाल, मामीसाठी पिशवीत घरच्या केळ्यांची सुकेळी. आठवडाभरात तिचं बाहेर पडणं ते तेवढंच. आणि अशात गाडी घरघरायला लागली. दळणात खडा यावा तसा आवाज, आणि ॲक्सिलरेटर दाबला की आणखी मोठा.

तुमची न्यायसभा भरली. बॉनेट उघडून तुम्ही, तुमचा पुतण्या आणि शेजारचे दोन रिकामटेकडे आत डोकी घालून उभे. एक म्हणाला पिस्टन, दुसरा म्हणाला गाडीला दृष्ट लागली. पुतण्याने एक्झॉस्टचा वास घेतला. आवाजाचं निदान नाकाने करणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता. "काका, इंजिन खलास," तो म्हणाला. "दारात सडवन्यापेक्षा मी नेतो. राजोडीच्या समुद्रावर पावन्यांची ने-आन करायला होईल." इंजिन खलास झालेल्या गाडीतून पाहुण्यांची ने-आण कशी होते, हा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही पडला नाही. मी म्हटलं, "गाडी उभी असतानाही आवाज येतो, म्हणजे चाकांचा नाही. क्लच दाबून पाहिला, काही फरक नाही, म्हणजे गिअरचा नाही. इंजिनाबाहेरच काहीतरी फिरताना घासतंय."

"बघा, कॉन्व्हेंटची मडम! सिस्टरने बायबलाबरोबर पाना पन दिला काय गो ताय?" पुतण्या म्हणाला.

"पाना नाही, अक्कल दिली. तुझ्या शाळेला त्या दिवशी सुट्टी असेल."

रिकामटेकडे हसले. तुम्हीही हसलात, पण त्याच्या बोलण्यावर. आणि तिथेच, बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "ने. पुढच्या आठवड्यात ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला एकट्याला शेडमध्ये बोलावलं. इंजिन थंड होतं. मी पंखा आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा काढला आणि गाडी क्षणभरच चालू केली. घरघर नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतंय आणि तुम्ही माझ्याकडे न बघता केळीकडे बघताय. गाडी बंद करून मी पंखा हाताने हलवला, तो हलत्या दातासारखा डुगडुगला. पट्टा परत चढवून गाडी पुन्हा चालू केली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाण्याच्या पंपावर टेकवलं आणि लाकडी मूठ तुमच्या कानाला लावली. तुमच्या भुवया वर गेल्या, अण्णा. तो चेहरा मी विसरलेले नाही.

"पंप गेलाय," मी म्हटलं. "तेवढा बदलला की झालं. आणि हे खाली पांढरं साचलंय ते बघा. मीठ आहे. रेडिएटरमध्ये आपल्या विहिरीचं पाणी घालता ना?"

"आपल्या विहिरीचं पानी खारट म्हनतेस?"

टँकरवाल्यांनी गावोगाव उपसा करून विहिरींची चव घालवली होती. आपलं पाणी मचूळ झालंय म्हणून घरात चहालासुद्धा नळाचं पाणी वापरत होतो. पण विहीर नासली हे चारचौघांत कबूल करणं तुम्हाला जमेना, म्हणून गाडीला मात्र रोज कळशीभर आपलं अमृत. त्या अमृताने पंप खाल्ला. हे तुम्हाला कळलं, मला दिसलं. आणि कळल्यावर तुम्ही काय म्हणालात? "तोंडातून शब्द गेलाय माझ्या." पुतण्याला दिलेला शब्द. आईला कुणी शब्दच दिला नव्हता, म्हणून तो मोडण्याचा प्रश्न नव्हता.

पुतण्याने एका दुपारी पंप बदलून घेतला. पुढच्या रविवारी आई ओटीवर बसली आहे, आणि राजोडीच्या पाहुण्यांनी भरलेली गाडी हॉर्न वाजवत समोरून जाते. तो हॉर्न वाजवणारच, हलकट.

"आपलीच ना गं?" आई विचारते. "मग आवाज तर चांगला येतोय."

तिला काय सांगायचं? नवऱ्याला सगळं कळलं होतं आणि तरी दिली? मी म्हटलं, "अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांना आवाज नीट समजला नाही."

"अगोबाई," आई म्हणाली, आणि तिला तुमची दया आली. दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्याशी ओरडून बोलायला लागली. मग शेजारीपाजारी. मग सुना, नातवंडं, देवळातला गुरव. तुम्हाला तर वाडीच्या टोकाला पडलेला नारळ ऐकू येत होता. एका शब्दात तुम्ही ते थांबवू शकला असतात. मी वाट पाहत होते, दात विचकून, की करा खुलासा, मग आईला गाडी का दिलीत तेही सांगा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि कानामागे हात धरून आईला विचारलंत, "काय म्हनालीस?"

ते सोंग तुम्ही शेवटपर्यंत वठवलंत. गासला मात्र ती पुन्हा गेली नाही. मामा यायचा, तो मेला, मग कुणी आलं नाही. बहिरेपण पांघरून त्याची भरपाई होत नाही, एवढं तुम्हाला निक्षून सांगायचं होतं. सांगून झालं, आता हा कागद मी फाडेन. ते सोंग म्हणजे तुम्ही मागितलेली माफी असेल तर भिकार होती, अण्णा. पण तुम्ही कानामागे हात धरलात त्याच दिवशी मी ती स्वीकारली होती, आणि तुम्हाला कधी कळू दिलं नाही.