दिवा लागतो, ताट फिरतं

११ फेब्रुवारी

मायक्रोवेव्ह मेला! दिवा लागतो, ताट फिरतं, शेवटी टिंगटिंगही होतं — आणि आतलं दूध थंडगार. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझ्याच हातून बिघडला का, म्हणून सारखं विचारत होत्या. गेल्या वर्षी गॅस चालू ठेवून त्या झोपून गेल्या, तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलंय. मायक्रोवेव्ह तेवढा त्यांच्या हक्काचा. कुठलं बटण दाबायचं ते कळावं म्हणून मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

मुहूर्त तरी बघा! इतकी वर्षं रेडिओवर दुसऱ्यांनी वाचायच्या बातम्या लिहिल्या. आता कुठे संध्याकाळच्या बातम्या मी वाचायला लागले होते.

१२ फेब्रुवारी

मेकॅनिक बोलवू का म्हटलं तर नवरा म्हणाला, कशाला, रविवारी मीच उघडतो. घरातले पंखे, मिक्सर, नळ सगळं त्याच्याच हातचं. पण तो येतो उशिरा, आणि आईंना गोळ्यांआधी गरम काहीतरी पोटात लागतं. मग म्हणाला, "थोडे दिवस तू संध्याकाळी घरी थांब ना." इतक्या मऊ आवाजात की मला नाही म्हणवेना.

१३ फेब्रुवारी

बातमीप्रमुख बाईंना सांगितलं. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या. त्यापुढे मात्र नाही. तोवर नवी मुलगी वाचेल.

१६ फेब्रुवारी

अखेर उघडला. खाली वर्तमानपत्र, बरणीच्या झाकणांत वेगवेगळे स्क्रू. मी चहा घेऊन गेले तर हातानेच अडवलं — प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो, तू लांब राहा. किती जपतो मला, असं वाटलं. खरंच वाटलं!

पार्ट मागवावा लागेल म्हणे.

२१ फेब्रुवारी

पार्ट नाही.

२३ फेब्रुवारी

पार्ट आला, पण चुकीचा. ऑफिसमधूनच परत पाठवला म्हणाला.

संध्याकाळी शेगडीपाशी रेडिओ लावला. नवी मुलगी एका नावावर अडखळली. मला बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

२६ फेब्रुवारी

आज रजा काढून मेकॅनिकला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं नाही. बिचारा किती खटपट करतोय, घरी येईल तेव्हा गरम वाटी पुढे करू, असं मनात होतं.

मेकॅनिकने आधी आतला साठलेला करंट काढला. मग टॉर्च मारली आणि हसायलाच लागला. "ताई, हा बिघडलेला नाही. वायर काढून ठेवलीये कोणीतरी."

वायरच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं टोक दुमडलेलं. पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको म्हणून आमच्या घरात टेपचं टोक एकच माणूस दुमडतो. लग्न झालं तेव्हापासून बघतेय. ह्या सवयीचं मला कौतुक होतं!

केसाने गळा कापतात म्हणतात. माझा टेपने कापला.

वायर जोडून मेकॅनिक गेला. दूध गरम झालं. आईंनी ठिपक्याचं बटण स्वतः दाबलं आणि टाळी वाजवली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

२७ फेब्रुवारी

काल रात्री त्याला खरं बोलायची संधी दिली. आई झोपल्यावर जेवताना विचारलं, पार्टचं काय झालं? "येईल गं दोन दिवसांत," आणि शांतपणे पुढचा घास घेतला. मायक्रोवेव्ह त्याच्या पाठीमागे, चांगला चालू असलेला.

आज संध्याकाळी आल्या आल्या टेपचा तुकडा समोर ठेवला. नाकारलं नाही. माफीही मागितली नाही. घरी येतो तर दार किल्लीने उघडावं लागतं, आणि बायकोचा आवाज शेजाऱ्यांच्या रेडिओतून ऐकायचा, वगैरे. मी म्हटलं, हे मला सांगता आलं असतं. तर म्हणाला, "सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

मग म्हणाला, "खरं सांग, हे दिवस तुलाही बरे गेले ना?"

हे जास्त लागलं. कारण गेले होते. रात्री तो आणि मी ओट्यापाशी गप्पा मारत उभे राहायचो. मी त्या गप्पांना प्रेम समजत होते. तो राखण करत होता.

आणि आई! पंधरा दिवस त्या स्वतःला दोष देत होत्या, हा समोर बसून ऐकत होता. स्वतःच्या आईला!

बातमीप्रमुखांना फोन करायचा होता. केला नाही. कसलीच ताकद उरली नव्हती. जाऊ दे ती जागा, असंही मनात आलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी तो गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. कालचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मुलाची बाजू घेतील म्हणून मी तोंड फिरवून बसले.

त्या म्हणाल्या, मी लोकांचे कपडे शिवायचे, तुला माहीत नाही. एक दिवस मशिनचा पट्टाच नाहीसा झाला. तुझे सासरे म्हणाले, नवा आणतो. आणला नाही.

"पट्टा ह्यांनी कुठे लपवलाय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी काढून लावला नाही गं. तू कर फोन."