निरांजनावरची सिगारेट

तीर्थस्वरूप रंगरावदादा यांना धाकट्या दिगंबरचा कर्वेनगरहून साष्टांग नमस्कार.

धायरीला सगळे खुशाल असतील, आणि शेताचे जे प्लॉट अजून विकायचे उरलेत तेही सुखरूप असतील, अशी आशा करतो. अक्षर पाहून दचकू नका. माझी बोटे सुजली आहेत, म्हणून मी सांगतो आहे आणि शालू लिहिते आहे. (कंसातले तेवढे माझे. – शालू)

दादा, सकाळी उठलो की मूठ मिटत नाही. हा कीबोर्डचा रोग, हे निदान मी पहिल्याच दिवशी केले. बँकेत पेनाने लिहीत होतो तोवर कोणाची बोटे सुजली होती? संगणक आले, स्वेच्छानिवृत्ती आली, ह्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब बडवायला बसलो आणि दुखणे सुरू झाले. म्हणून बुधवार पेठेतून मऊ बटणांचा परदेशी कीबोर्ड आणला. (त्याच्याशी आता शेजारची मुले खेळतात.)

शेवटी सांध्यांच्या डॉक्टर पूर्णिमाबाईंकडे गेलो. बोटे पुढे केली, तर बाई विचारतात, "सिगारेट किती ओढता?" नळ गळतो म्हणून सांगावे आणि प्लंबरने आपले गोत्र विचारावे, तसे! हा म्हणे संधिवाताचा असा प्रकार की शरीराचे पोलीस शरीरालाच झोडपतात. ("आपल्याकडे ह्यात नवीन काय?" असे हे तिथे म्हणाले. बाई हसल्या नाहीत.) सिगारेटने हा आजार होण्याचा धोका वाढतो, झालेला चिघळतो आणि औषधही नीट लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी शांतपणे सांगितले, "आमच्या वडिलांनी जन्मभर विड्या ओढल्या. सांधे अखेरपर्यंत ठणठणीत!" (मामंजी पन्नाशीतच छातीच्या दुखण्याने गेले. सांधे ठणठणीतच होते.)

तरी मी सिगारेट सोडली. (घरातली.) गच्चीत एकदाच, निव्वळ विचार करायला म्हणून ओढत होतो, तर बोटांनी दगा दिला आणि ती खाली पडली ती थेट सोसायटीचे चेअरमन तात्याराव ह्यांच्या वाळत घातलेल्या अमेरिकन शर्टावर. लगेच सभा भरली. मी डॉक्टरांचा कागद दाखवला आणि विचारले, "ज्याला काडी धरता येत नाही, तो सिगारेट पेटवणार कशी?" तात्यारावांनी माझी माफी मागितली. (घरी येऊन मी देवघरातले निरांजन पाहिले. वातीशी तंबाखूचा भुगा होता. मग तात्यारावांची माफी मी मागून आले.)

वहिनींना नमस्कार.

आपला,
दिगंबर

ता. क. डॉक्टरबाईंनी हवापालट सुचवला आहे. (नाही सुचवलेला.) रविवारी येऊन आठवडाभर राहावे म्हणतो. शालूला इथली कामे आहेत, ती येणार नाही.

आणखी ता. क. दादा, आता कंस पुरे. ह्यांना शर्टाची बटणे लावता येत नाहीत. "हल्लीची बटणेच बुळबुळीत," म्हणत रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहतात. मी लावते. दोघेही दुसरीकडे बघतो. पहिली सिगारेट आपणच हातात दिलीत, हे आजही कौतुकाने सांगतात. तेव्हा रविवारच्या आत आपण आपली सोडा. माझे ऐकत नाहीत, डॉक्टरांचे ऐकत नाहीत. आपण कराल ते मात्र करतील.

"एवढे काय लिहितेस?" म्हणून विचारताहेत. शेवग्याच्या शेंगा मागवते आहे, असे सांगितले आहे. तर परत पाठवताना थोड्या शेंगाही द्या.