न मारलेल्या माराचे डाग

बाबा, तुम्ही आईवर कधी हात उगारला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तुमच्यावरचा माझा राग तिथूनच सुरू होतो.

जानेफळात घराच्या ओसरीवरच तुमचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मी काजं-बटणं करायला मशीनपाशी बसलेली असायची. आईच्या अंगावर उगाचच काळेनिळे डाग उठायचे. घागर कमरेवर घेतली की कंबर निळी पडायची. पोटऱ्यांवर खसखशीएवढे लाल ठिपके, दात घासले की हिरड्यांतून रक्त. तुम्ही काय केलंत? भर उन्हाळ्यात तिला मनगटापर्यंत बाह्यांची चोळी शिवून दिलीत. तुमच्या हातची तिला मिळालेली तेवढीच भेट. मग विहिरीवर एकदा बाही वर सरकली, बायकांत चर्चा झाली, आणि एका गिऱ्हाइकानं तुम्हाला विचारलंच. मशीन न थांबवता तुम्ही म्हणालात, "बायको हाय माही. तिचं तोंड चालते, मंग माहा हात चालते." सगळे हसले. तुम्हीही हसलात, चांगले खुशीत. मी सुईत दोरा ओवत होते.

ताईचं मेहकरला जमत आलं होतं. बायकोला मारणारा व्याही लोकांना चालतो, रक्त खराब असलेली विहीण चालत नाही, एवढंच तुम्ही पाहिलंत. आईही म्हणायची, "पोरीचं लगन होऊ दे, मंग पाहू." पण तिनं ते अंगावर काढलं. तुमच्या अंगाला काय लागलं?

मग सरकारी दवाखान्यातला तो नवा डॉक्टर पँट शिवायला आला. आई चहा घेऊन आली तेव्हा त्यानं तिचे पाय पाहिले आणि म्हणाला, "हे माराचे डाग नाहीत. रक्ताचं दुखणं दिसतंय. उद्याच्या गाडीनं बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या यांना." दारात उभी आई तुमच्याकडे बघत होती. नुसतं हो म्हणायचं होतं, बाबा. तुम्ही टेप हातात घेतलीत. "मीच मारलं, साहेब. घरातली गोष्ट हाय. तुम्ही मापाले सरळ उभे रहा." तो उभा राहिला. आई रिकामी कपबशी घेऊन आत गेली.

ताईची पाठवणी झाली आणि त्याच आठवड्यात भाकर थापता थापता आई म्हणाली, "डोकं फुटून राह्यलं माहं," आणि परातीवरच कलंडली. डोक्यात रक्तस्राव झाला असणार, हे मला आत्ता कळतंय. कारण आता माझ्याही दंडांवर तेच डाग आहेत. डॉक्टर सांगतात, रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट म्हणतात त्यांना. बाहेरच्या रोगाशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं. माझं शरीर त्या अँटिबॉडी स्वतःच्याच प्लेटलेटवर सोडतं, आणि मग पोटातली प्लीहा त्या पेशी खाऊन टाकते. मी विचारलं, हे घराण्यात उतरतं का? म्हणाले, सहसा नाही. आणि औषध? गोळ्या तर तुमच्या आईच्या काळातही होत्या, म्हणाले. मी तिथंच, त्यांच्या समोर, तुम्हाला शिवी दिली.

परत येताना गाडीत नातीनं विचारलं, "आजी, तुह्या आईलेही हेच होतं का वं? कशानं गेली ते?"

मी म्हटलं, "माह्या बापानं मारलं तिले."

पोरीला काय समजलं ते मला समजलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. शब्द तुमचाच होता, गावाला तुम्हीच शिकवलेला. हा कागद धाडायला तुमचा पत्ता नाही, असता तरी धाडला नसता. एवढंच सांगते, की ते बोलताना मला फार बरं वाटलं.