जुबेरचा ट्रेलर नीट ठेवला आहे

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
आज टपरीवर सगळ्यांसमोर जुबेरला शब्द दिला. त्याची इंजिनवाली नाव, म्हणजे डोंगा, वाहून नेणारा ट्रेलर हिवाळाभर मी सांभाळणार. त्याच्या अंगणात नवी खोली बांधणं सुरू होतंय, डोंगा भिंतीला उपडा लावला, ट्रेलरला जागाच नाही. शेजारच्या नीलाबाई म्हणाल्या, "माह्या शेडात ठेव ना, रिकामाच हाये." मी म्हटलं, बाई, शेडात ढकलणं वेगळं आणि स्टोरेज वेगळं. स्टोरेज हे शास्त्र आहे. कॉलेजात अकरा वर्षं लॅब असिस्टंट उगाच नाही.
जुबेरची अट एकच. महाशिवरात्रीच्या आधी ट्रेलर हवा. मार्कंड्याच्या यात्रेत तो डोंग्यातून लोकांना नदीपार नेतो, त्यावर त्याचं अर्धं वर्ष निघतं. आरमोरीहून नदीनं डोंगा न्यावा तर तेव्हा पाणी आटलेलं, जागोजागी खडक. ट्रेलर नाही तर यात्रा नाही. "भाऊ, तुया भरोश्यावर हाये," म्हणाला. ऊर भरून आला.

६ ऑक्टोबर
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस, सगळीकडे बर्फ. चाकं काढायची, अ‍ॅक्सल विटांवर ठेवायचा, ग्रीस लावायचं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण शास्त्र ते शास्त्र.
ट्रेलर आपल्या अंगणात ठेवायला निशानं साफ नकार दिला. "मंग कपडे कुठी वाळवू, तुमच्या डोक्यावर?" बायकांना दूरदृष्टी नसते.

७ ऑक्टोबर
निशाच्या माहेरी नेला. गाव जवळच, खळं मोठं. साळा लच्छूनं ट्रॅक्टरनं ओढून दिला. चाकं काढून सासऱ्यांच्या कोठ्यात ठेवली, ट्रेलर विटांवर चढवला. फोटो काढला, मागे हिरवागार धान, फार सुंदर आला. लच्छूला तीन सूचना दिल्या: ओल लागता कामा नये, उंचावरून खाली उतरवायचा नाही, आणि वरून झाकून ठेवायचा. "हो भाऊजी," म्हणाला. खेड्यातल्या माणसाला नीट समजावून सांगितलं की तो करतो.
चाकांचे नट घरी आणले. अशा जागी ठेवलेत की जन्मात गंज लागणार नाही. जागा इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर?

१२ ऑक्टोबर, रविवार
संकल्प: दर रविवारी ट्रेलरची पाहणी. आज मात्र दिवाळीची रंगरंगोटी. पुढच्या रविवारपासून.

२६ ऑक्टोबर
जुबेरकडे फराळाचा डबा दिला. उमेराभाभींनी चहा केला. जुबेरनं विचारलं, ट्रेलर कसा आहे. म्हटलं, परवाच ग्रीस मारलं. खोटं नाही म्हणता येणार. परवा मी ग्रीस मारायचं ठरवलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
जाणार होतो. पण रात्रभर नाटक पाहिलं, दिवस झोपेत गेला. झाडीपट्टीत राहून नाटकं सोडायची म्हणजे पाप.

२१ डिसेंबर
थंडी फार. अशा थंडीत लोखंडाला उगाच हात लावू नये.

११ जानेवारी
जुबेरनं फोटो मागितला. नाही कसं म्हणणार? ऑक्टोबरचाच पाठवला.
लगेच त्याचा फोन. "काऊन रे, तुया सासऱ्याचा धान आतापावतर हिरवाच?" मग सुचलं. म्हटलं, उन्हाळी धान आहे, लवकर लावला. "अच्छा," म्हणाला आणि हसला. विश्वास बसला वाटतं. हजरजबाबीपणा ही देणगी आहे.
जेवताना घास उतरला नाही. अ‍ॅसिडिटी असावी.

१८ जानेवारी, रविवार
गेलो.
खळ्यात ट्रेलर नाही. जिथे ठेवला होता तिथे धानाचं पुंजणं. भारे एकावर एक रचून माझ्या दुप्पट उंच, वर तणसाची टोपी. खाली वाकून पाहिलं तेव्हा विटा दिसल्या, आणि अ‍ॅक्सल.
मी काही बोलायच्या आत सासरे आले. मुखरूमामा एरवी माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. आज हात हातात घेतला. "जवाईबापू, तुमी लोखंडाचा ओटा आणून देल्ला, यंदा ना उंदीर लागला ना उधई." लोखंडावर वाळवी चढणार कुठून. लच्छू म्हणाला, तुमीच तर सांगतलं, उंच ठेवा, ओल लागू देऊ नका, झाकून ठेवा. भाऊजी धानाचंच बोलून राह्यले, दुसरं काय? ऑक्टोबरात कोणी खळ्यात दुसरं काय आणून ठेवते?
इथे खरं बोलायला हवं होतं. पण सासूबाईंनी वडे तळले होते. गावातले दोघं-तिघं मुद्दाम ओटा पाहायला आले. मामांनी माझ्या खांद्यावर दुपट्टा टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा.
मी म्हटलं, "घरचंच काम आहे."

१९ जानेवारी
परिस्थिती हाताबाहेर नाही. महाशिवरात्रीला बराच अवकाश आहे. तोवर धान चुरतीलच, मळणी झाली की ट्रेलर मोकळा.

१ फेब्रुवारी
मामांना फोनवर सहज विचारलं, पुंजणं कधी मोडणार. "होळीच्या आंगंमांगं. मोठी पोरगी आली का पूजा करू, मंगच हात लावतो. आपल्या घरी तसंच हाये." मी म्हटलं, काही घाई नाही, काही घाई नाही. दोनदा म्हणालो.

८ फेब्रुवारी
जुबेर विचारतो, कधी आणतोस. म्हटलं, सर्व्हिसिंगला टाकलाय गडचिरोलीत. तो म्हणाला, "सर्व्हिसिंग? आबे, तो ट्रेलर मीनंच वेल्डिंग करून बनवला. त्याची कोणती सर्व्हिसिंग?" मी रेंज गेल्याचं नाटक केलं.
नंतर मेसेज टाकला की यंदा नदीनंच जाऊन पाहा, निसर्गही बघायला मिळेल. उत्तर आलं नाही. स्वतःचाच मेसेज पुन्हा वाचला आणि फोन उशीखाली ठेवला.

१२ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
जुबेर घरी आला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. (मुद्दाम.) त्यानं निशाला विचारलं, तिनं सरळ सांगितलं, सर्व्हिसिंग कायची, अजून माह्या बाबाच्या खळ्यातच हाये. तो ओळखीच्याचा ट्रॅक्टर घेऊन निघाला. मी मोटारसायकलवर मागून. वाटेत तीन वेगवेगळी कारणं तयार केली. तिन्ही चांगली होती.
खळ्यात पोचलो तर जुबेर पुंजण्यासमोर उभा. मामा त्याला कौतुकानं सांगत होते, आमच्या जवायानं ओटा देल्ला. जुबेरनं खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे. मामांनी विचारलं, तुमी कोणत्या कामानं आले, भाऊ?
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ट्रेलर याचा आहे. तीन कारणं तयार होती, हे एक वाक्य निघेना.
जुबेरच म्हणाला, "काई नाई मामाजी, इकडून चाललो होतो, म्हटलं चंदनची सासुरवाडी पाहून घ्यावं. लई मस्त पुंजणं रचलं तुमी." आणि ट्रॅक्टरकडे वळला.
त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मामांनी रिकामा ट्रॅक्टर पाहिला, त्याचा मागचा हुक पाहिला. मग मला विचारलं, "जवाईबापू, हा ओटा या भाऊचा हाये का?" मी मान हलवली. तेवढंच जमलं. कशाले पायजे, तेही विचारलं. जुबेरला सांगावं लागलं.
मामा घरात गेले. कुंकू आणि नारळ घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, मोठी नाई आली अजून. मामा म्हणाले, "देव थांबते वं, यात्रा नाई थांबत." नारळ फोडला आणि पहिला भारा स्वतः खाली ओढला.
अंधार पडेपर्यंत अख्खं घर भारे उतरवत होतं. जुबेरही. मीही. माझ्याशी कोणी वाईट बोललं नाही. मामा परत हवापाण्यावर आले.
ट्रेलर निघाला. चाकं निघाली. लच्छूनं विचारलं, नट?

१३ फेब्रुवारी
नट सापडत नाहीत. इतक्या सुरक्षित जागी ठेवले की मलाही सापडत नाहीत. कपाट, माळा, शिलाई मशीनचा ड्रॉवर, लॅबमधली बाटल्यांची मांडणी, सगळं पाहिलं. जुबेरला फोन करून सांगितलं. म्हणाला, राहू दे.
त्या चाकांच्या मापाचे नट आरमोरीत मिळाले नाहीत. त्यानं वेल्डिंगचं मशीन माझ्या सासुरवाडीला नेलं आणि चाकं सरळ वेल्ड करून टाकली. आता ती फिरतील, पण कधी निघायची नाहीत. ट्रेलर गेला.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
मार्कंड्याला गेलो. हेतू माफी मागायचा होता. घाटावर गर्दी, जुबेर घामाघूम. मला बघून म्हणाला, बस. डोंग्यातल्या लोकांना सांगितलं, सरकून घ्या, दोस्त हाये माहा. पैसे घेतले नाहीत.
माफी मागितली नाही. इंजिनाचा आवाज फार होता.
परतीला लांबच्या पुलावरून चालत आलो. त्याच्या डोंग्यात पुन्हा बसवेना.

२२ मार्च
तांदळाची कोठी तळाला लागली. निशानं माप बुडवलं आणि मापात तांदळाबरोबर नट आले.
आठवलं. तांदूळ ओलावा शोषून घेतो म्हणून मीच ठेवले होते. लॅबमध्ये आम्ही हेच करतो. शास्त्र बरोबर निघालं, एकाही नटाला गंज नाही. निशानं ते माझ्या ताटाशेजारी ठेवले आणि वाढायला लागली.

२३ मार्च
नट फडक्यात बांधून जुबेरकडे नेले. त्याची खोली झाली आहे, रंग तेवढा बाकी. त्यानं गाठोडं हातात तोललं. म्हणाला, "आता काय उपयोग याचा. ठेव तुयापाशीच..." आणि थांबला.
"नाई, असं कर. नीलाबाईपाशी देऊन ये."
दिले. शेडात ट्रेलर होता. त्याच्या वरच्या खिळ्याला नीलाबाईंनी गाठोडं टांगलं.
कॉलेजला जाताना ते रस्त्यावरून दिसतं. उद्यापासून मागच्या रस्त्यानं जाणार. तो जवळही पडतो.