कपाट, किल्ली आणि चिकटवलेली पाने

मी, सुलोचना दिनकर रणभिसे, वय एकाहत्तर, धर्माने ख्रिस्ती, मूळची अहमदनगरची, गेली त्रेचाळीस वर्षे जयपूरची रहिवासी, सध्या राहणार खातीपुरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या मीराबाई आढाव या निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी आज सकाळी माझा रक्तदाब पाहिला आणि खात्रीसाठी वार व तारीख विचारली. मी दोन्ही बरोबर सांगितले. तारीख त्यांचीच चुकली होती. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा एवढी मालमत्ताही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पलीकडच्या गल्लीतले प्रभाकर पंडित विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्रात एवढं पाल्हाळ चालत नाही."

"चालतं, भाऊजी. शब्दमर्यादा माझ्या मासिकातल्या सदराला होती. कायद्यात कुठे आहे?"

"पण वाचणार कोण?"

"ज्यांना काही मिळायचंय ते वाचतील की."

कलम १. माझे पती दिनकर रेल्वेत गार्ड होते. १९६२ साली त्यांची बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो. १९९८ साली ते प्रभूमध्ये निजले. मला तीन मुले झाली : वासंती, अरुण आणि संकल्प. अरुण १९७२ साली, सहाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने गेला. हयात वारस दोन.

कलम २. खातीपुऱ्यातले घर माझ्या नावावर आहे. ते वासंती व संकल्प यांना निम्मे निम्मे. संकल्प, त्याची पत्नी वल्लरी आणि मुलगी सुरुची वरच्या मजल्यावर राहतात, त्यांनी तिथेच राहावे. वासंती शाळेत भूगोल शिकवते आणि जवाहर नगरला एकटी राहते. तिला वाटेल तेव्हा खालच्या खोल्या उघडून द्याव्यात. मध्ये भिंत घालू नये. पोस्टातली शिल्लकही दोघांची.

कलम ३. शिवणयंत्र वल्लरीला. त्याला महिन्यातून एकदा तेल घालावे, ते ऐकत नाही असे म्हणून बाजूला ठेवू नये. दिनकररावांचा गार्डाचा कंदील संकल्पला. प्रभाकर पंडित साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले तर ते देणे बाद होते असे तेच सांगतात, म्हणून त्यांना काही नाही. माझी काळी छत्री त्यांनी मागच्या वर्षी नेली आहे. ती आधीच दिली असे समजावे.

आमच्या चर्चच्या मंडळीचे माजी सेक्रेटरी बळवंतराव यांनी १९८१ साली मी संडे स्कूलला दिलेली बारा पुस्तके परत पाठवली होती. चिठ्ठीत लिहिले होते, पुस्तके पुरुषांच्या समितीने निवडावीत. मी त्यांना क्षमा केली आहे. मात्र त्यांच्या दोन्ही मुलींनी ती बाराच्या बारा पुस्तके माझ्या घरी बसून वाचली, हे त्यांना माझ्या पश्चात कळवावे.

कलम ४. आता पुस्तकांचे कपाट. या लिखाणाचे खरे कारण तेच आहे.

नगरहून निघणाऱ्या एका ख्रिस्ती मासिकात मी बावीस वर्षे सदर लिहिले. विषय एकच : कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, म्हणजे त्याला वाचनाची गोडी लागेल आणि विश्वासही टिकेल. मजकूर दर महिन्याच्या दहा तारखेला टपालपेटीत पडत असे. एकदाही चुकला नाही. अरुण गेला त्या महिन्यातही नाही. ते सदर मी परवा काढून वाचले. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तके, असा विषय आहे. अरुणचा त्यात उल्लेख नाही.

घरात आलेले प्रत्येक पुस्तक आधी मी वाचत असे. मग पाठीवर कापडाची पट्टी : सहा वर्षांपर्यंत पांढरी, दहापर्यंत हिरवी, पुढे तांबडी. दृढीकरण होऊन, म्हणजे मंडळीसमोर विश्वास कबूल करून, मूल प्रभुभोजनाला बसू लागले की कपाटाची किल्ली त्याच्या हाती. तोवर मागेल ते मी काढून देणार. इथवर मला आजही फार चूक वाटत नाही.

चूक पुढे आहे. अरुणनंतर माझ्या लक्षात आले की मुलांच्या कितीतरी पुस्तकांत एखादे मूल मरते आणि आई देवाला जाब विचारते. अशी पाने मी फाडली नाहीत, कारण पुस्तक फाडायचे नसते. मी कणकेची खळ करून ती एकमेकांना चिकटवून टाकली. वर वजन ठेवले की कळतही नसे. एवढ्यावर थांबले नाही. ही युक्ती मी सदरात लिहिली. जालन्याच्या एका बाईंचे पत्र आले, आमच्या मंडळीतल्या अकरा घरांनी तुमच्यासारखे केले. मला तेव्हा आनंद झाला होता. ते वाक्य परत घ्यावे असे वाटू लागले तोवर सदर बंद पडले होते. त्या अकरा घरांची मी इथे माफी मागते.

वासंती तेरा वर्षांची असताना एका दुपारी मी बाजारातून आले, तर ती स्टोव्हवर पाणी उकळून वाफेवर पुस्तक धरून बसली होती. पाने सुटली होती आणि ती वाचत होती. मी पुस्तक हिसकावले.

ती म्हणाली, "आई, यातल्या आईने देवाला विचारलंय. तू विचारलंस का?"

"असं विचारायचं नसतं."

"मग मी कोणाला विचारू? घरात त्याचं नाव काढलं की तू भांडी घासायला उठतेस. पुस्तकात होता, तिथेही चिकटवून टाकलास."

मी तिला मारले. आयुष्यात एकदाच. तिने दृढीकरणासाठी नाव दिले नाही आणि किल्ली मागितली नाही. आज ती बेचाळीस वर्षांची आहे. नाताळला येते, जेवते, सुरुचीचे केस विंचरते. या घरातले एकही पुस्तक तिने त्यानंतर हातात घेतलेले नाही.

हे सगळे असेच राहिले असते. या उन्हाळ्यात संकल्पने राजा पार्कच्या दुकानातून सुरुचीसाठी पुस्तकांचा गठ्ठा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "आई, तू आधी बघून दे. जादूटोणा, उलटसुलट काही असेल ते बाजूला काढ. बाकी तुझी पद्धत आहेच."

सुरुची अकरा वर्षांची. देवनागरी ती शाळेतल्या हिंदीमुळे वाचते, मराठी अडखळत. माझ्या कपाटातले एक हिरव्या पट्टीचे पुस्तक तिच्या हातात होते. "आजी, हे पन्ने चिपकलेत. और ये अरुण कौन? इथे लिहिलंय, अरुण दिनकर रणभिसे, इयत्ता पहिली."

संकल्प म्हणाला, "राहू दे बेटा. आजीने विचार करूनच चिकटवलेत."

"पण अरुण कोण?"

संकल्पने माझ्याकडे पाहिले. अरुण गेला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आपल्याला एक भाऊ होता हे मुलीला सांगायचे त्याला अकरा वर्षांत सुचले नव्हते, कारण हे सांगता येते असे त्याने या घरात कधी पाहिले नव्हते. माझी खळ इतकी पक्की बसली होती.

म्हणून मी पुढीलप्रमाणे ठरवते. कपाट, त्यातली सर्व पुस्तके, आणि सुरुचीसाठी व तिच्यानंतर या कुटुंबात येणाऱ्या मुलांसाठी पुस्तके निवडण्याचे काम, हे सगळे वासंतीला. कुलूप मी काढून टाकले आहे. चिकटवलेली पुस्तके एक्केचाळीस आहेत. एकोणीस मी वाफेवर उघडली. दोन-चार पाने फाटली.

संकल्पला हे पसंत नाही, आणि त्याने ते समोर सांगितले हे चांगले केले. "ताई प्रार्थनेला बसत नाही, आणि सुरुचीचं वाचन तिच्या हातात? उद्या पोरीने चर्च सोडलं तर?"

मी म्हटले, "ताईने सोडलं ते पुस्तक वाचून नाही. पुस्तक काढून घेतल्यावर सोडलं."

पण त्याची भीती खोटी नाही. ती माझीही होती. म्हणून त्याला व वल्लरीला हा हक्क राहील : कोणत्याही पुस्तकाला त्यांनी हरकत घ्यावी, मात्र ते अथपासून इतिपर्यंत वाचून, आणि हरकत सुरुचीला तोंडाने सांगून. न वाचता नकार देऊ नये. मुलीला नकळत काही गायब करू नये.

वासंतीला मागून सल्ला द्यायला मी नसेन, म्हणून थोडे लिहून ठेवते. अगदी लहानांना भीतीचे पुस्तक देऊ नये. देव रागावतो हे मुलाला फार लवकर कळते. तो सोबत असतो हे कळायला वेळ लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना थोर मिशनरी सेवकांची चरित्रे आवडतात, त्यांत बोटी असतात, जंगले असतात. पण ज्या चरित्रात आपल्याखेरीज सगळी माणसे दुष्ट दाखवली आहेत ते मागे ठेवावे. प्रभाकरभाऊजींकडे गणपतीत मोदक खाऊन आलेल्या मुलाला असे पुस्तक पटत नाही, आणि मग पुस्तकाबरोबर तो देवालाही खोटा ठरवतो. बारा-तेराचे वय मला जमले नाही, तिथे वासंतीने माझे काही ऐकू नये. एवढेच सांगते की पवित्र शास्त्रातली, बायबलमधली स्तोत्रे मी आता नव्याने वाचते आहे आणि त्यांतल्या कितीतरी स्तोत्रांत माणूस देवाशी भांडतोच आहे. ती पाने कोणी चिकटवलेली नाहीत. संकल्पच्या गठ्ठ्यातली जादूची पुस्तकेही मी वाचली. दोन चांगली आहेत. एक रटाळ आहे, तेवढ्यासाठी परत करावे.

पूर्वी मी पुस्तकात आधी हे पाहत असे, की शेवटी वाईट वागणाऱ्याला शिक्षा होते का. आता पाहते, लिहिणाऱ्याला माणसे आवडतात का.

कलम ५. वरील मजकूर मी काल, रविवारी, वासंतीला वाचून दाखवला. मेल्यावर नकार आला तर समजूत घालायला मी नसेन, म्हणून. तिने तो उभ्यानेच ऐकला. मग म्हणाली, "मी चर्चला येणार नाही हं. कपाटाबरोबर ते नको."

"अट लिहिलेली नाही. वाच हवं तर."

"आणि अरुणबद्दल तिला सगळं सांगेन. तू रडलीस तरी."

"सांग. मीही ऐकेन. तुला काय आठवतं ते मी कधी विचारलंच नाही."

ती खाली बसली. तिने मसुदा हातात घेतला, कलम चारवर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे मेल्यावर कशाला? तुझ्या तब्येतीचं सांगता येत नाही, अजून पंधरा वर्षं काढशील. सुरुची तोवर थांबणार आहे का अकरा वर्षांची?"

प्रत्येक वयाचे पुस्तक त्या त्या वयातच द्यावे लागते, हे मी बावीस वर्षे इतरांना सांगितले.

सबब कलम चारमधील कपाट व पुस्तके आज सोमवारी सकाळी टेंपोने जवाहर नगरला रवाना झाली आहेत. संकल्प स्वतः टेंपोत मागे बसून गेला, कपाटाची काच धरायला हवी म्हणून. सुरुचीने शाळा बुडवली, तिला कोणी अडवले नाही. मृत्युपत्राने देता येईल अशी ती वस्तू आता माझी राहिलेली नाही. कलम चारवर मी आडवी रेघ मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. रेघेखालचे अक्षर वाचता येते. ते तसेच राहू द्यावे. बाकी सर्व वरीलप्रमाणे. अंमलबजावणी दोन्ही मुलांनी मिळून करावी.

हे लिहून, वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते, आणि त्यांनी माझ्या देखत केली.

सही : सुलोचना दिनकर रणभिसे

साक्षीदार १ : प्रभाकर पंडित, खातीपुरा. (पूर्ण वाचून सही केली. पाल्हाळाबद्दलचा आक्षेप मागे घेतो.)

साक्षीदार २ : मीराबाई आढाव, खातीपुरा.

ठिकाण : जयपूर. पुस्तके गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या पुढच्या खोलीत, जमिनीवर बसून.

तारीख : १९ सप्टेंबर २००५, सोमवार.