आईच्या खोलीतला रेडिएटर

एर्झुरुम, फेब्रुवारीअखेर

प्रिय तुंजाय,

काल तू फोनवर आईला बोललास ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. "या वयात बर्फात बाहेर पडायचं कशाला? घसरलीस ना शेवटी? कुणी सांगितलं होतं?" तुझा आवाज इतका चढला होता की फोन तिच्या कानाशी असूनही मला शब्द न् शब्द कळत होता. आई नुसती "हो रे बाळा, चुकलंच माझं" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर साखरेचा खडा दाताखाली धरून तिनं गार झालेला चहा संपवला आणि मला म्हणाली, "रागावलाय. रागावू दे. माया आहे म्हणून रागावतो."

तुझ्या बायकोला सांग, तिनं पाठवलेली शाल पोचली. घर आता चांगलं उबदार आहे. तळघरातला कोळशाचा बंब बंद झाल्यावर इमारतीतल्या सगळ्यांनी आपापल्या घरात गॅसचा बॉयलर बसवून घेतला, तसा आम्हीही घेतला. बसवायला कारागीर म्हणून वाहित उस्ता आला होता. काम कमी, गप्पाच जास्त. त्यानं बाबांच्या वेळचा एक रेडिएटर सोडवला तर आतून डांबरासारखं काळं पाणी भसकन गालिच्यावर. "ताई, नव्या बॉयलरला हा गाळ पाजलात तर पुढच्या हिवाळ्यात माझ्याच नावानं बोंब माराल," म्हणाला. मग बिडाचे जुने रेडिएटर काढून पत्र्याचे नवे लावायचं ठरलं. पातळ, पांढरे, झटकन तापणारे. मला तर पाहताक्षणी आवडले.

आई म्हणाली, "माझ्या खोलीतला राहू दे. त्याला धरून मी नमाजावरून उठते." मला ती सबब वाटली. बाबांनी मित्रांना घेऊन ते धूड जिन्यानं वर चढवलं होतं, त्यात तिचा जीव अडकलाय असं मी धरून चालले. म्हटलं, "मग खुर्ची घे ना." तशी ती उसळलीच. "अल्लासमोर खुर्ची टाकून बसू? मी काय गव्हर्नर लागून गेले?" उस्ता हसला. एक जुना ठेवता येईल, आतून नीट धुऊन देतो, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पण सगळ्या नव्या पांढऱ्यांत तो एकच पोपडे उडालेला, मला बघवेना. आई मावशीकडे तोर्तुमला गेली तेव्हा मी उस्ताला बोलावून तोही काढायला लावला. भंगारवाल्यानं तो खाली अंगणातच घणानं फोडला. आवाज वर येत होता, मी खिडकी लावून घेतली. आई परतली तेव्हा खोलीच्या दारात जरा थांबली, नव्या रेडिएटरवर हात ठेवला आणि "छान तापतो," एवढंच म्हणाली. सुटले, असं वाटलं मला.

तुंजाय, आई बर्फात पडलेली नाही. त्या दिवशी ती घराबाहेर गेलीच नव्हती. जुना रेडिएटर जमिनीवर आपल्या पायांवर उभा असायचा. हा नवा भिंतीत ठोकलेल्या आकड्यांवर टांगलेला. दुपारच्या नमाजावरून उठताना तिनं सवयीनं त्याला धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. आकडे गिलाव्यासकट उपटून आले. मी धावत गेले तर ती आडवी पडलेली, रेडिएटर तिच्या पायावर, आणि पाणी जाजमावर पसरत चाललेलं. खुबा मोडला होता, तरी ती पहिलं काय बोलली असेल? "तुंजायला सांगू नकोस, तो तुला फाडून खाईल. बर्फात घसरले म्हणून सांगू." आणि मी मान हलवली. डॉक्टरांनाही तिनं तेच सांगितलं. मी शेजारी उभी राहून तिच्या कोटाची घडी घालत होते.

वाहित उस्ता पुन्हा येऊन गेला. रेडिएटर बसवला आणि कुणी न सांगता शेजारी एक लोखंडी दांडा भिंतीत पक्का करून गेला. तिला आता त्याचा उपयोग नाही. ती खुर्चीवर बसूनच नमाज पढते, आणि मी खोलीत गेले की ओशाळते. ओशाळते ती!

काल फोन ठेवता ठेवता तू आईला म्हणालास, "तुला आता काही कळत नाही, ईदनंतर येऊन मी तुला बुर्साला घेऊन जाणार." तेव्हापासून ती खुर्चीवर बसून कपाट आवरते आहे. तिला जायचं नाही. तिच्या मैत्रिणी, तिची मशीद, बाबांची कबर, सगळं इथं आहे. पण खरं बोलली तर तू माझं तोंड बघणार नाहीस, या धास्तीनं ती गप्प राहून आपलं घर सोडायला निघाली आहे. मी तिला दिलेला शब्द मोडून हे लिहिते आहे, ते एवढ्यासाठीच. तिला सगळं कळतं रे. तिनं मला आधीच सांगितलं होतं. तिला फोन कर, कुठं राहायचं ते तिलाच विचार. आणि न्यायचंच ठरलं, तर ती निष्काळजी आहे म्हणून नेऊ नकोस. मी तिचं ऐकलं नाही, म्हणून ने.

तुझीच,
नेझाहतताई